कशालाच न जोडलेला मीटर

भूत, देवचार, करणी, मूठ — यांपैकी कशावरही माझा विश्वास नाही. 'नव्हता' असं मी लिहीत नाही, आजही नाही. तेव्हा 'चला, आणखी एक सुधारली' म्हणून कोणी टाळी द्यायच्या तयारीत असेल, तर त्यांनी हात खाली घ्यावेत. तुमच्या सदरात छापून आलेल्या निम्म्या अनुभवांना मी घरी बसून उत्तरं लिहिली आहेत. ती तुम्हाला पाठवलीही होती. तुम्ही छापली नाहीत, असो. आज मात्र मीच एक अनुभव पाठवते आहे, आणि त्याचं उत्तर माझ्यापाशी नाही.

आमचं घर पेडणे तालुक्यातल्या हळर्णला. वडील — आम्ही त्यांना तात्या म्हणतो — प्राथमिक शाळेत मास्तर होते आणि फावल्या वेळात पत्रकं काढायचे. दारू सोडा, मुलीला शिकवा, सापाला मारू नका, नवस फेडायला कर्ज काढू नका... घरातल्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, फळीवर डब्यांखाली पत्रकं, आणि रात्री गोष्टीऐवजीसुद्धा पत्रकच. अठराव्या वर्षी मी माझं पहिलं पत्रक लिहिलं — 'देवचाराच्या वहाणा कोण झिजवतो?' आमच्याकडे देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, रोज रात्री वेशीवरून फिरतो अशी समजूत आहे. फिरून फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून लोक त्याला चामड्याचा नवा जोड वाहतात. मी लिहिलं, की पाऊस झिजवतो, वाळवी झिजवते, आणि उरलेलं कुत्री नेतात. सायक्लोस्टाइलच्या शंभर प्रती काढल्या आणि घरोघर वाटल्या. आई चार दिवस देवळात गेली नाही... लाजेनं.

ही हकीकत गोवा राज्य झाल्यानंतरच्या हिवाळ्यातली. भाषेचा वाद अजून ताजा होता. आमच्या घरात तात्या मराठीवाले आणि माझा मोठा भाऊ उल्हास, म्हणजे दादा, कोंकणीवाला. गंमत अशी, की तात्या मराठीची बाजू कोंकणीत मांडायचे आणि दादा कोंकणीची बाजू चिडला की शुद्ध मराठीत. आई दोघांना जेवायला वाढून म्हणायची, "भात खंयच्या भाशेत गिळतास ता सांगा."

दादानं चार वर्षं डिचोलीकडे खाणीवर ट्रकांच्या मागे लाल धूळ खाल्ली. खोकला लागला तेव्हा त्यानं ते काम सोडलं. त्याला पायलट व्हायचं होतं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते — विमानाचा नाही. आमच्याकडे मोटारसायकलच्या मागच्या सीटवर भाडं बसवून नेणाऱ्याला पायलट म्हणतात. गाडीचा पुढचा मडगार्ड पिवळा रंगवायचा आणि स्टँडवर रांगेत उभं राहायचं. पेडण्याच्या बाजारातल्या स्टँडवरचा एक पायलट आखातात निघाला होता. त्याची जागा बाकीच्यांनी दादासाठी राखली, पण महिनाअखेरपर्यंतच. तोवर गाडी पास झाली नाही, तर जागा दुसऱ्याची. आणि गाडी पास करणारे आरटीओचे साहेब पेडण्याच्या मैदानावर यायचे महिन्यातून एकदा. म्हणजे संधी एकच.

गाडी होती भिकूमामानं जुळवलेली. भिकूमामा आईचा चुलतभाऊ. मूळचा आमच्याच गावचा, पण गॅरेज डिचोलीला. हात असा, की भंगारातला स्क्रू पाहून तो कुठल्या गाडीचा ते सांगेल. त्यानं एका गाडीचं इंजिन घेतलं, दुसरीची टाकी, तिसरीची चासी, चौथीचं पुढचं चाक... हँडल कुठलं ते त्यालाही आठवत नव्हतं. गाडी दिसायला बैलासारखी, आवाज गिरणीसारखा, पण धावायची झक्क. एकच उणीव — मीटर नव्हता. हेडलाइटच्या डोक्यावर जिथे स्पीडोमीटर असतो तिथे नुसतं गोल भोक. मामानं ते बूट पॉलिशच्या डबीच्या झाकणानं बुजवलं होतं.

"साहेब विचारील ना, मीटर कुठे आहे?" मी म्हटलं.

"सांगायचा, हो आसा! उघडून बघ, आत पॉलिश पण आसा," मामा म्हणाला.

शेवटी शुक्रवारी दादा आणि मी म्हापशाच्या बाजारात गेलो. जुन्या लोखंडाच्या ढिगात कुलपं, विळे, शिवणयंत्राची चाकं यांच्यामध्ये एक मीटर मिळाला. काच शाबूत, काटा शून्यावर, खालच्या खिडकीत किलोमीटरचे आकडे : ०४१८०. केबलही मिळाली. तिथूनच आम्ही गाडी डिचोलीला नेली. मामानं झाकण काढलं, कानशीनं भोक थोडं वाढवलं, रबर घालून मीटर बसवला. इतका चपखल बसला, की मामा स्वतःच खूश होऊन दोन पावलं मागे सरकून पाहायला लागला.

मग खाली वाकला आणि केबलचं खालचं टोक हातात घेऊन जागा शोधायला लागला.

स्पीडोमीटरची केबल म्हणजे आत फिरणारी तार. तिचं खालचं टोक बहुतेक गाड्यांत पुढच्या चाकाच्या मधल्या हबला जोडतात, तिथे एक लहान गरारी असते. काही गाड्यांत ते इंजिनाला जोडतात. आमच्या चाकाची कंपनी मीटर इंजिनावर चालवणारी, आणि आमच्या इंजिनाची कंपनी मीटर चाकावर चालवणारी! दोघांनीही काम दुसऱ्यावर ढकललेलं. केबल जोडायला गाडीवर जागाच नव्हती.

"गरारीचो हब मेळतलो?" दादानं विचारलं.

"मेळतलो. दोन महिन्यांनी," मामा म्हणाला, आणि त्यानं केबलचं खालचं टोक पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या मागे नेऊन तारेनं घट्ट बांधलं. वरून ग्रीस फासलं. "बघ. साहेबाचो बापूस येवंदी, तेका दिसतली केबल जोडल्ली."

"हे खोटं आहे, मामा," मी म्हटलं.

"खोटा खंय? मीटर आसा, केबल आसा, चाक आसा..."

"जोडलेलं नाही!"

"बाये, तुझी आई आनी तात्या एका घरात रवतत मगे? जोडल्ली आसत?"

दादा हसला. मी नाही हसले. मी स्पष्ट सांगितलं, की फॉर्म मी भरणार, सोबत मी येणार, आणि साहेबांनी विचारलं तर खरं तेच बोलणार. दादाचं हसू गेलं. "जागा गेली तर परत मेळची नाय गो, शारू," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्यानं आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

तपासणीच्या आदल्या दिवसापासून मामा आमच्याकडेच मुक्कामाला होता. सकाळी चहा आणि उंडे, म्हणजे आमचे गोल पाव, खाऊन आम्ही तिघं निघालो; दादा गाडीवर, मामा मागे, मी सायकलवर. हळर्णच्या वेशीवर, किल्ल्याकडे वाट फुटते तिथे, राखणदाराची जागा आहे. मामानं गाडी थांबवायला लावली. नारळ ठेवला, एक विडी पेटवून दगडावर ठेवली आणि गाऱ्हाणं सुरू केलं. मी मुद्दाम दूर, पाठ करून उभी राहिले. पण मामाचा आवाज...

"बा देवा म्हाराजा! आज हो तुझो लेकरू नवी गाडी घेवन तुझ्या पायाकडे उभो रवलो आसा..."

"व्हय म्हाराजा," दादा.

"तेच्या गाडयेर मीटर बसयल्लो आसा. गाडी जितक्या वेगान जायत, तितक्यार तेचो काटो फिरूंदी. कमी नाय, जास्ती नाय. आनी तेच्या पोटार कोणाचो पाय पडूंदी नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मी सायकलची घंटी वाजवली. "उशीर होतोय."

पेडण्याच्या मैदानात पंधरा-वीस गाड्या रांगेत होत्या. तपासणीचे साहेब पन्नाशीचे, बारीक, डोळ्यांवर जाड चष्मा, खिशाला दोन पेनं. आमची गाडी पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. "ही गाडी आहे की प्रदर्शन?" मग ते स्वतःच गाडीवर बसले आणि मैदानाला फेरी मारायला निघाले.

मी दोरीबाहेर उभी होते. दुसऱ्या फेरीत गाडी माझ्या समोरून अगदी हळू गेली आणि मला मीटर दिसला. काटा दहावर होता. तिसऱ्या फेरीत तो वीसच्या पुढे होता. साहेबांनी ब्रेक दाबला तसा तो खाली येत येत शून्यावर टेकला.

मला वाटलं, मामानं रात्रीत काहीतरी केलं. मी मामाकडे पाहिलं. मामाचं तोंड उघडं होतं.

साहेब म्हणाले, "हॉर्न ठीक, ब्रेक ठीक, मीटर ठीक."

माझ्या तोंडून निघून गेलं, "साहेब, मीटर ठीक नाही. केबल कशालाही जोडलेली नाही."

दादानं डोळे मिटले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मीटरकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे. "बाई, आत्ता मी विसावर चालवली. काटा विसावर होता."

"तो विसावर असू शकत नाही!"

"होता."

"मलाही दिसला. पण तो असू शकत नाही. तुम्ही वाकून बघा..."

रांगेत मागे खसखस पिकली. कोणीतरी म्हणालं, "भावाची गाडी पास जाता ती बघवना नाय गो तुका?" साहेबांनी हसून सही केली. "आजवर लोक मोडका मीटर चांगला आहे म्हणून भांडत. चांगला मोडका आहे म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

आयुष्यभर 'प्रत्यक्ष पाहा, मगच माना' असं सांगत आले होते, आणि त्या मैदानात 'प्रत्यक्ष पाहिलेलं मानू नका' असं ओरडणारी मी एकटीच होते.

पुढचे पंधरा दिवस तात्या आणि मी गाडीच्या मागे लागलो. दादाचा मडगार्ड पिवळा झाला होता, धंदा सुरू झाला होता, पण दुपारी तो जेवायला आला की गाडी आमची. प्रयोग वहीत लिहून ठेवले आहेत. गाडी स्टँडवर चढवून इंजिन जोरात फिरवलं — काटा शून्य. पुढचं चाक हातानं गरगर फिरवलं — शून्य. गाडी रस्त्यावर पुढे गेली की मात्र काटा हलायचा. मी नुसती ढकलत चालले तर चारच्या आसपास... माणूस चालतो तेवढाच! मागे ढकलली तर शून्य. रस्त्यावरच्या किलोमीटरच्या दगडांमध्ये घड्याळ लावून हिशेब केला, वेग बरोबर. मीटरच्या आत चुंबक असतो, म्हणून मला शंका आली डिचोलीच्या खनिजाची — तिकडची लोखंडी धूळ गाडीत भरली असेल. गाडी पाण्यानं धुतली, मोरजीला नेली, तिथे तर सगळी वाळू. तरी तेच. तो मीटर काढून दुसऱ्या पायलटच्या गाडीवर लावला, तर मेलेला. आमच्या गाडीवर परत लावला की जिवंत.

आणि एक गोष्ट तात्यांच्या लक्षात आली. काटा फिरत होता, पण खालचे आकडे हलत नव्हते. ०४१८० ते ०४१८०. दादानं स्टँडवरून मालपें, मोरजी, पत्रादेवी अशा किती खेपा केल्या, एक किलोमीटर पुढे गेला नाही.

हे मामाला कळलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "आकडे मागले खंय?"

"काय?"

"गाऱ्हाण्यात मी काटो मागलो. आकडे याद जावक नाय. देव मागशात तितक्याच दिता, बाये. वकिलासारखो आसा तो."

मी म्हटलं, की हे उत्तर नाही. मामा म्हणाला, मग तुझं सांग.

तेव्हा मी जे केलं त्याबद्दल अजून घरात बोलणी खाते. मी आरटीओच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. 'महोदय, सदर गाडीचा मीटर कशालाही जोडलेला नाही, हे मी तपासणीच्या दिवशी तोंडी सांगितले होते. आता लेखी कळवीत आहे.' माझं म्हणणं साधं होतं. मागे भाडं बसतं. त्याचा जीव आपण कशावर सोपवतो ते आपल्याला ठाऊक नको? उद्या काटा अचानक थांबला किंवा चुकीचा दाखवायला लागला तर? हे कारण खरं होतं. पण खरंच सांगायचं तर, मनात दुसरंही होतं. कोणीतरी अधिकारानं येऊन म्हणावं, हे चालत नाही, असं मला हवं होतं.

तात्यांनी पत्र वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं आणि म्हणाले, "पाठव." आई म्हणाली, "हिच्या पत्रकांनी आजवर देवाचा काय एक बिघडूक नाय. भावाचा मात्र बिघडतला." दादा काहीच बोलला नाही. आठ दिवस. चहाचा कप माझ्या हातून घ्यायचा नाही, आईला सांगायचा, "तिका सांग, माझो टॉवेल खंय आसा?" मी तिथेच उभी असायची, टॉवेल हातात घेऊन.

नवव्या दिवशी निरोप आला, की साहेब येणार. दुपारी बाराच्या सुमाराला ते म्हापशाहून येणाऱ्या बसमधून उतरले; बगलेत फाईल, डोक्यावर रुमाल. सरळ स्टँडवर आले. सगळे पायलट गाड्यांवरून उतरून उभे राहिले. तात्या होते, मी होते. दादाचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला होता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की काटा आज फिरला तर बरं. वाटलं ते वाटलं. लपवत नाही.

साहेब गुडघ्यावर बसले. फोर्कमागची तार त्यांनी पकडीनं सोडवली. केबलचं टोक मोकळं लोंबायला लागलं. मग मीटरखालचा नट फिरवून त्यांनी केबल वरूनही काढली, सबंध हातात घेतली आणि दादाच्या मागे बसून म्हणाले, "चल. मालपेंच्या उतारापर्यंत."

गाडी गेली. एक म्हातारी भाजीची टोपली घेऊन आली, "मोरजे येता रे कोण?" म्हणाली, तर कोणी उत्तरच देईना. तिनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं. "मेलो काय कोण?"

पंधरा मिनिटांनी गाडी आली. साहेबांचा रुमाल मानेवर घसरला होता. केबल अजून त्यांच्या मुठीत होती. ते उतरले, ती माझ्या हातात दिली — "धरा" — आणि गाडीच्या सीटवर फाईल उघडली. छापील फॉर्म होता. त्यावर एक ओळ : 'गतिमापक — चालू / बंद.' त्यांनी पेन टेकवलं, उचललं, पुन्हा टेकवलं. मग 'बंद' हा शब्द खोडला.

"साहेब," मी म्हटलं, "पुढे लिहा ना. कशावर चालू, ते लिहा."

"कुठे लिहू?" त्यांनी फॉर्म माझ्यासमोर धरला. "रकाना दाखवा."

रकाना नव्हता.

"बाई, मीटर असून चालत नाही अशा गाड्या मी रोज बघतो. त्यांच्यासाठी रकाना आहे." त्यांनी फाईल मिटली, चष्मा पुसला आणि दादाला म्हणाले, "तुझी गाडी पास आहे. आता मला बसस्टँडवर सोड. सावकाश... तिसावर ठेव."

स्टँडवर एकच कल्ला झाला. कोणी दादाच्या पाठीत गुद्दा घातला, कोणी हॉर्न वाजवला. भाजीवालीनं पुन्हा विचारलं, "मेलो कोण ता तरी सांगा!" दादानं किक मारली आणि निघता निघता आठ दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलला.

"केबल टाकून देव नको गो. कोणाक तरी उपेगाक येतली."

याला वर्ष होत आलं. वही तात्यांकडे आहे, ज्याला पाहायची असेल त्यानं हळर्णला यावं, प्रयोग करून दाखवीन. उत्तर पाठवा, मात्र मामाचं नको. ते मला पाठ आहे. आम्हाला अजून काही सुचलेलं नाही. तात्या म्हणतात, 'माहीत नाही' हे दोन शब्द छापलेलं एकही पत्रक आपण काढलं नाही, काढायला हवं होतं.

पेडण्याला काही काम असलं, की मी दादाच्या मागे बसूनच जाते. त्याच्या खांद्यावरून माझी नजर मीटरवर असते. काटा चाळिसाच्या पुढे सरकला, की मी त्याला मागून ढोसते.

"तुझो विस्वास नाय मगे तेच्यार?" तो वाऱ्यात ओरडतो.

"नाहीच!" मी ओरडते. "पण तू हळू चालव."